ग्रंथपालाच्या डोक्यातली तालिका

साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालं की वाटेत वेण्णेच्या काठी मेढा लागतं. जावळी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी, पंचायत समिती, शाळा-कॉलेज, बाजार सगळं इथे. अशा तालुक्याच्या गावातली वाचनालयं ज्यांनी वापरली आहेत, त्यांना पुढचा संवाद ओळखीचा वाटेल. सभासद टेबलापाशी येतो आणि म्हणतो, "आमच्या थोरल्यानं मागं नेलं होतं ना, गडावरचं, जाडजूड, त्याच्या पुढचं आहे का हो?" पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही. ग्रंथपाल आतल्या कपाटाकडे जातात आणि बरोबर तेच पुस्तक घेऊन येतात.

वाचनालयाची खरी तालिका अशी ग्रंथपालांच्या डोक्यात असते. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, कोणाकडे गेलंय, कोणत्या लेखकाची किती पुस्तकं आहेत, कोणत्या घरात काय वाचतात, हे सगळं तिच्यात येतं. अडचण एवढीच की ग्रंथपाल निवृत्त झाले की ती त्यांच्याबरोबर घरी जाते. नवीन माणूस येतो आणि पुढची दोन-तीन वर्षं कपाटांशी ओळख करून घेण्यात घालवतो. वाचनालय 'संगणकीकृत' होतं तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला ही सुरुवात बरी पडते. कारण मशीन विकत घेणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग आहे डोक्यातलं नोंदीत उतरवण्याचा.

मुळात कागदावर काय असतं ते आधी पाहू. वाचनालयाचा पाया म्हणजे दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्याला एक दाखल क्रमांक मिळतो. त्याच्यापुढे तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, बिलाचा क्रमांक आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, हा पहिला नियम. मग शिक्का. तो शीर्षक पानावर तर बसतोच, पण आत एका ठरलेल्या पानावरही बसतो. ते पान वाचनालयागणिक वेगळं. पुढची पानं फाडून पुस्तक लंपास झालं तरी ओळख पटावी म्हणून ही युक्ती.

या वहीला महाराष्ट्रात कायद्याचं वजन आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. पुस्तकांची संख्या, सभासद, वर्तमानपत्रं-नियतकालिकं, कामाचे तास यांवर वर्ग ठरतो. तपासणीला आलेला अधिकारी आधी वह्याच मागतो. त्यामुळे संगणक आला म्हणून वही बंद होत नाही. बरीच वर्षं दोन्ही चालतात, आणि ग्रंथपालाचं काम अर्धं होण्याऐवजी आधी दुप्पट होतं. ही गोष्ट वाचनालयाच्या कार्यकारिणीने सुरुवातीलाच मान्य केलेली बरी.

दुसरा कागदी भाग म्हणजे देवघेव. पुस्तकाच्या आत खिशात एक कार्ड, सभासदाचं एक तिकीट. पुस्तक गेलं की कार्ड तिकिटात घालून तारखेप्रमाणे ट्रेमध्ये उभं करायचं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत निना ब्राउन या ग्रंथपाल बाईंनी बसवली आणि जगभर गेली. तिचं सौंदर्य असं की मुदत संपलेली पुस्तकं शोधावी लागत नाहीत, ट्रेच्या पुढच्या कप्प्यात ती आपोआप दिसतात. वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. लहान गावात पुष्कळ ठिकाणी यापेक्षाही सोपी पद्धत असते. प्रत्येक सभासदाला वहीत एक पान, त्यावर क्रमांक लिहायचा आणि परत आलं की काट मारायची.

पद्धती बदलणं ही काही आजची गोष्ट नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं, पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, आणि 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागलं. कार्डावरची तालिका, वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, हे त्या काळचं नवं तंत्रज्ञान होतं. तेव्हाही जुन्या लोकांनी विचारलं असणारच की पुस्तकं उघडी ठेवली तर चोरीला नाही का जाणार?

आता समजा मेढ्यासारख्या गावातल्या एका वाचनालयाने ठरवलं की संगणक घ्यायचा. दहा हजार पुस्तकं आहेत, एक ग्रंथपाल, एक शिपाई. पहिलं पाऊल संगणकाचं नसतंच. ते असतं ग्रंथ पडताळणीचं. वही उघडायची, क्रमांक पुकारायचा, पुस्तक कपाटात आहे का पाहायचं. जावळीतला पावसाळा ओला आणि लांब. भिंतीला लागून असलेल्या कपाटातली खालची रांग बुरशीने चिकटलेली निघते. कसर लागलेली, वाळवीने आतून खाल्लेली पुस्तकं हाताला येतात. काही पुस्तकं मुंबईकरांकडे असतात. तालुक्यातली कितीतरी कुटुंबं पोटासाठी मुंबईला, त्यांनी यात्रेला येऊन नेलेलं पुस्तक पुढच्या यात्रेला परत येतं. हरवलेलं, जीर्ण झालेलं आणि अजून यायचं असलेलं, हे तीन ढीग वेगळे करायचे. जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाला, म्हणजे ती रीतसर बाद करायला, समितीचा ठराव लागतो. ही पायरी गाळून थेट वहीवरून टायपिंग केलं की संगणकात अशी शेकडो पुस्तकं जिवंत राहतात जी कपाटात नाहीतच. वाचकाला पडद्यावर 'उपलब्ध' दिसतं आणि हाताला काही लागत नाही. दोनदा असं झालं की तो पडद्यावरचा विश्वास सोडून पुन्हा ग्रंथपालांनाच विचारू लागतो.

मग सॉफ्टवेअर. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी आहे. महाविद्यालयांत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं सोल दिसतं. आणि तिसरं कोहा. त्याची जन्मकथा छान आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागाच्या वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती. नवं घ्यायला पैसे पुरेनात, म्हणून त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःपुरतं नवं लिहून घेतलं. जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं आणि त्यांनी ते सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. आज जगभरची हजारो ग्रंथालयं ते वापरतात. मोठ्या शहराने नाही, ग्रामीण भागातल्या वाचनालयाने काढलेली वाट आहे ही.

कोणतं निवडावं? माझं मत विचाराल तर नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर माझ्या सगळ्या नोंदी मला बाहेर काढून मिळतील का, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील का? गावोगाव फिरून स्वस्तात प्रोग्रॅम बसवून देणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारा. त्याने विषय बदलला तर चहा पाजून निरोप द्या. पैसेच नसतील तर साध्या एक्सेलमध्ये, रकाने शिस्तीत पाळून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. शिस्तीत भरलेलं एक्सेल पुढे कुठेही नेता येतं.

शिस्त म्हणजे काय, ते एका पुस्तकावरून पाहू. 'श्यामची आई' घ्या. संगणकातली नोंद क्रमांकांच्या खुणांनी बनते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी 'मार्क' नावाची ही मांडणी तयार केली. १०० या खुणेपुढे लेखक, २४५ पुढे शीर्षक, ०२० पुढे आयएसबीएन, ०८२ पुढे ड्युईच्या वर्गीकरण पद्धतीतला वर्गांक. माणूस पान पाहून ओळखतो की हे लेखकाचं नाव आहे. यंत्राला ते सांगावं लागतं.

आता १०० पुढे काय लिहाल? साने गुरुजी? सानेगुरुजी? साने, पांडुरंग सदाशिव? तिन्ही बरोबर, पण एकाच वाचनालयात तिन्ही वापरले तर संगणक त्यांना तीन लेखक समजतो. म्हणून एक रूप ठरवायचं आणि बाकीच्या रूपांवरून तिकडे बोट दाखवायचं. ग्रंथपालनात याला प्रमाण नावांची यादी म्हणतात. मराठीत तर हे काम फारच रंगतं. 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचं आणि 'विशाखा' कुसुमाग्रजांची, माणूस एकच. आरती प्रभूंच्या कविता शोधणाऱ्याला चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' सापडावी की नाही? मला वाटतं दोन्ही नावं वेगळी ठेवावीत आणि मध्ये 'हेही पाहा' असा दुवा द्यावा, कारण लेखकानेच ती वेगळी ठेवली होती. मग पु. ल. देशपांडे. कोणी बिंदूनंतर जागा सोडून लिहितो, कोणी न सोडता, कोणी नुसतं पुलं. जुन्या काळी ग्रंथपाल काहीही ऐकून समजून घ्यायचे. संगणकाला हे सगळं आधी शिकवून ठेवावं लागतं, आणि शिकवणार कोण? ज्यांच्या डोक्यात आहे तेच.

वर्गांकाचंही तसंच. 'श्यामची आई' १९३५ साली आलं. ती कादंबरी मानायची की आत्मचरित्रपर लेखन? ड्युईची पद्धत १८७६ ची. तिच्यात इंग्रजी साहित्याला ८२० चं अख्खं घर आहे आणि मराठी साहित्याला ८९१.४६ ही एक खोली. मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. मराठी वाचनालयात ही पद्धत काटेकोर लावली तर निम्म्याहून जास्त पुस्तकांच्या पाठीवर हेच आकडे येतात आणि वाचक गोंधळतो. म्हणून कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, बालवाङ्मय असे सरळ विभाग करून त्यात लेखकाच्या नावाने पुस्तकं लावणारी वाचनालयं चुकतात असं मला वाटत नाही. संगणकात ड्युईचा आकडा असू द्या, कपाटावर वाचकाची भाषा असू द्या.

इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत ग्रंथपालाला एक सोय असते. आयएसबीएन टाकला की दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेता येते. मराठीत ही सोय अर्धवट आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून कार्यालय असल्यामुळे त्यांच्याकडे मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण नोंदी मुख्यतः रोमन लिपीत, अक्षरांच्या वर-खाली रेघा-टिंबं देऊन केलेल्या. आपल्या सभासदाला त्यांचा काय उपयोग! तेव्हा मराठी वाचनालयातलं बरंचसं टायपिंग हातानेच होतं. दिवसाला चाळीस पुस्तकं धरली तर दहा हजारांना अडीचशे कामाचे दिवस लागतात. म्हणजे वर्षभराचं काम, तेही देवघेव सांभाळून.

आणि टायपिंगमध्ये देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या. पूर्वी छपाईसाठी जे मराठी फॉन्ट वापरत, त्यात पडद्यावर 'क' दिसला तरी आत साठायचं एखादं इंग्रजी अक्षर. फॉन्ट काढला की सगळी यादी अगम्य चिन्हांची. ज्या वाचनालयांनी उत्साहाने लवकर संगणक घेतला, त्यांच्याच वाट्याला हा त्रास आला. आता युनिकोड आहे, पण त्यातही गंमत आहे. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच दिसतात. एका कीबोर्डने टाइप केलेलं पुस्तक दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर 'सापडत नाही' असं उत्तर येतं आणि ग्रंथपाल कपाटातल्या पुस्तकाकडे पाहत बसतात. अकारविल्हे यादीतही तेच. शाळेत आपण ळ, क्ष, ज्ञ शेवटी शिकलो. युनिकोडच्या क्रमात ळ येतो ल च्या शेजारी, क्ष जातो क मध्ये, ज्ञ बसतो ज मध्ये. मराठीचा क्रम लावण्याची सोय काही ठिकाणी असते, ती चालू करावी लागते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं तर 'नांव', 'कांहीं' अशी अनुस्वारांनी भरलेली. शीर्षक पानावर आहे तसंच टाइप करायचं आणि आजच्या लेखनातलं रूप पर्यायी शीर्षक म्हणून जोडायचं, हा त्यातला सुटसुटीत मार्ग. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, एवढं पथ्य पाळलं तरी अर्धी डोकेदुखी टळते.

बारकोडबद्दल लोकांना उगाच दबदबा वाटतो. त्यात फक्त दाखल क्रमांक असतो, रेघांच्या रूपात. स्कॅनर तो वाचून संगणकाला देतो आणि संगणकाला वाटतं कोणीतरी कीबोर्डवर आकडे दाबले. रेडिओ लहरींवर चालणारी आरएफआयडीची चिप मोठ्या विद्यापीठात शोभते. तालुक्याच्या वाचनालयाने त्या पैशांत पुस्तकं घ्यावीत. त्यापेक्षा यूपीएस घ्यावा, कारण आषाढात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. वीज नसताना काय? जवळ एक वही ठेवायची, सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक लिहायचे, वीज आली की भरायचे. जुनी पद्धत पूर्ण मोडायची नसते ती यासाठीच. आणि नोंदींची प्रत रोज काढून वाचनालयाच्या इमारतीबाहेर ठेवायची. संगणकाशेजारच्याच ड्रॉवरमध्ये ठेवलेली प्रत छप्पर गळालं की संगणकाबरोबरच भिजते.

एका बदलाकडे मात्र कोणाचं फारसं लक्ष जात नाही. कार्डाच्या पद्धतीत पुस्तक परत आलं की कार्ड जागेवर जायचं, तिकीट सभासदाला मिळायचं, आणि कोणी काय वाचलं याचा माग तिथेच पुसट व्हायचा. संगणक विसरत नाही. कोणत्या बाईंनी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं, कोणी दारू सोडण्याचं, कोणी कर्करोगावरचं, सगळं वर्षानुवर्षं राहतं. मोठ्या शहरात ती एक ओळ असते. जिथे सगळे एकमेकांना आडनाव-आळीसकट ओळखतात, तिथे ती गोष्ट वेगळी. जुन्या ग्रंथपालांना हे ठाऊक होतं आणि ते तोंड बंद ठेवत. आता तीच सवय सेटिंगमध्ये उतरवायला हवी. कोहामध्ये परत आलेल्या पुस्तकाचा वाचकाशी असलेला संबंध पुसण्याची सोय आहे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला आहे. पण कायद्याआधी हा साध्या माणुसकीचा प्रश्न आहे.

टेबलाच्या अलीकडचं कामही बदललंय. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून अभ्यासिकेत बसतात, त्यांना कादंबरी नको, जागा, वीज आणि वायफाय हवं. संदर्भाचा प्रश्न आला की पूर्वी मराठी विश्वकोशाचा जाडा खंड काढून द्यायचा. याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली त्या खंडांचं काम सुरू झालं. आता ते सगळे खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मुलगा फोनवर शोधतो, पहिलं आलेलं उत्तर उतरवतो. ते उत्तर कुठून आलं हे विचारायला लावणं आणि विश्वकोशाच्या नोंदीपर्यंत त्याला नेणं, हे ग्रंथपालाचं नवं काम. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण झालं, तेही मोफत आहे. मेढ्यातल्या किती मुलांना ते माहीत आहे, हा प्रश्न ग्रंथपालांनी स्वतःला विचारावा.

आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या पीडीएफ. "सर, ही घ्या फाइल, वाचनालयाच्या ग्रुपवर टाका." इथे ग्रंथपालाला कॉपीराइटचा हिशेब यायला हवा. लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०१० अखेर त्यांचं लेखन मुक्त झालं. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांचं २०३६ अखेरपर्यंत नाही. पु. ल. २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० अखेरपर्यंत नाही. मात्र वाचनालयात छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवायची मुभा बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. साठवायची मुभा, वाटायची नव्हे. बुरशीने जाऊ घातलेल्या जुन्या स्थानिक पुस्तकांसाठी, गावच्या अंकांसाठी, ही तरतूद मोलाची आहे आणि फार कमी वापरली जाते.

शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारने वेगळाच प्रयोग केला. वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर राज्य मराठी विकास संस्थेने ४ मे २०१७ ला तिथे पुस्तकांचं गाव सुरू केलं. घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं, कोणीही बसून वाचावं. तिथे वाचक पुस्तकाकडे चालत जातो. पण कुठल्या घरात कोणतं पुस्तक आहे, याची नोंद तिथेही कोणाला तरी ठेवावीच लागते.

सार्वजनिक वाचनालयातल्या ग्रंथपालांना मिळणारे पैसे तुटपुंजे आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. अनुदानातून पगार भागवायचा, त्यातूनच पुस्तकं घ्यायची. त्या पगारात वर्षभराचं जादा काम आणि वर 'तुम्हाला संगणक येत नाही' हे ऐकणं, म्हणजे जरा जास्तच होतं. टायपिंग कोणीही शिकतं. फोनवर नातवाला मराठीत निरोप पाठवणाऱ्या माणसाला संगणकावर मराठी टाइप करायला फार दिवस लागत नाहीत. साने गुरुजींना कोणत्या नावाखाली ठेवायचं आणि त्या थोरल्याने मागे नेमकं काय नेलं होतं, हे मात्र टायपिस्टला कळत नाही.

तेव्हा तुम्ही तुमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत असाल तर एवढं करा: ग्रंथपालांच्या निवृत्तीला निदान दोन वर्षं असतानाच काम सुरू करा. टायपिंगला कॉलेजची मुलं द्या, त्यांना मानधन द्या. ग्रंथपालांना त्यांच्या शेजारी खुर्ची देऊन बसवा आणि प्रत्येक नोंदीवरचा शेवटचा शब्द त्यांचा राहू द्या.